कापडाखालची नळी

वस्तादने तार हातात घेतली ती बघण्यासाठी. पेट्रोलचा नवा पाइप वाकवण्याआधी जाड तारेचा नमुना करायचा, तो गाडीच्या अंगाला लावून कुठे वळण आणि कुठे क्लिप ते ठरवायचं, आणि मग तारेबरहुकूम पाइप वाकवायचा, ही त्या गॅरेजची जुनी रीत होती. हा नमुना बारक्याने केला होता. सकाळभर गाडीखालच्या खड्ड्यात उभं राहून, मान अवघडून केला होता.

"हे काय आहे?" वस्तादने विचारलं.

"पाइपाचा रस्ता, भावोजी. टाकीपासून बाहेरच्या कडेने, दरवाजाच्या खालून पुढे. सायलेन्सरपासून लांब."

"कंपनीने कुठून दिलाय?"

"दोन सीटांच्या मधल्या बोगद्यातून. पण तेव्हाचं पेट्रोल निराळं होतं. आताच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, तडकतं. आणि नेमका तिथेच खाली सायलेन्सर तापलेला..."

तार हवेत वाजली. बारक्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक रेघ उठली. सदरा फाटला नाही, पण सदऱ्यावर रक्ताची ओळ हळूहळू उमटत गेली. दुसरा फटका मानेवर बसला. तिसऱ्याला बारक्या गुडघ्यावर आला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"कंपनीने मधून दिलाय ना? मग मधूनच जाईल. कंपनीपेक्षा शहाणा झालास?" वस्ताद ओरडत नव्हता. आवाज चढवून मारणाऱ्याचा राग कधीतरी संपतो. वस्ताद शांतपणे मारायचा. "मेहुणा म्हणून घरात घेतला, आता गाडीचा नवरा व्हायला निघालाय."

त्याच खड्ड्यात उभी राहून नटांची डबी धरलेली ताई हे सगळं ऐकत होती. गाडीच्या पोटाखालून तिला फक्त पाय दिसत होते. नवऱ्याचे बुटांतले पाय घट्ट रोवलेले, आणि भावाचे गुडघे. ती काही बोलली नाही. सकाळ होती आणि सकाळी ती बोलत नसे.

ताईचं मौन सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पहाटे उठून ती दिवा लावी, नामस्मरणाला बसे, आणि तेव्हापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसे. लग्नानंतर काही काळाने तिने हे व्रत घेतलं होतं. ते देवासाठी होतं की नवऱ्याच्या हाताला निमित्त मिळू नये म्हणून, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. वस्तादला मात्र त्याचा अभिमान होता. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "आमच्याकडे देवीच आहे. अर्धा दिवस मूर्ती, अर्धा दिवस बायको."

गॅरेज तिच्या वडिलांचं. वस्ताद त्यांच्या हाताखाली तयार झालेला, त्यांचा सगळ्यात चांगला शिष्य. त्यालाच त्यांनी मुलगी दिली. वस्ताद पाइप वाकवायचा तेव्हा बघत राहावं. आत बारीक वाळू ठासून भरायची, मांडीवर पाइप ठेवायचा आणि नुसत्या तळहाताच्या दाबाने असं वळण आणायचं की कुठे चुणी नाही, कुठे चेप नाही. हातात कला होती. वाईट एवढंच की मारायलाही तोच हात होता.

आणि ती गाडी. बुटकी, लांब नाकाची, लाल, दोनच माणसांची. पन्नास वर्षांपूर्वी शर्यतीत धावायची. वडिलांनी भंगारात पडलेली उचलून आणली आणि आयुष्याची शेवटची वर्षं तिच्यावर घालवली. आता ती वस्तादची होती. दर वर्षी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघे. त्यात वस्ताद गाडी चालवायचा आणि शेजारी डोक्याला रुमाल बांधून ताई बसायची. शेवटी परीक्षक काठीला लावलेला आरसा गाडीखाली सरकवून एकेक नट बघायचे. सगळं कंपनीने दिलं तसंच असलेल्या गाडीला चषक मिळायचा.

गेल्या वर्षी आरशात एक नव्या पद्धतीची क्लिप दिसली. चषक दुसऱ्या गाडीला गेला. घरी आल्यावर ताई उतरत होती, तिचा डावा हात दरवाजाच्या चौकटीवर होता. वस्तादने दरवाजा लावला, मग उघडला आणि पुन्हा लावला. डॉक्टरांना सासूबाईंनी सांगितलं, "वाऱ्याने आपटला हो." त्या दिवशी वारं पडलेलं होतं. मनगट जुळलं, पण तिरकं जुळलं. आता त्या हाताने तिला तवा उचलता येत नसे.

यंदाची मिरवणूक तोंडावर आली होती आणि गाडीत बसलं की पेट्रोलचा वास येत होता. नळ्या कुजल्या होत्या. म्हणजे बारक्याच्या पाठीवर उठलेले ते वळ ताईच्या बसण्यासाठीच होते. ती त्या जागेवर बसणार, आणि तिच्या मांडीपासून वितभर अंतरावरून पेट्रोल वाहणार, खाली तापलेलं लोखंड.

दुपारी तिने भावाची पाठ पुसली. सूर्य कलला होता, आता तिला बोलता येत होतं.

"दुखतंय?"

"छे. सुती सदरा होता म्हणून. नायलॉनचा असता तर कातडीला चिकटला असता." बारक्या हसला. "बघ, मी सुद्धा जुन्याच मालाचा भोक्ता आहे."

"गप्प बस. हलू नकोस."

*

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी वस्ताद पॉलिश आणायला बाजारात गेला. पोलादी पाइप त्याने स्वतः वाकवून बोगद्यातून घातला होता, कंपनीच्या रस्त्याने, अगदी आरशासारखा. आता पुढच्या रबरी नळ्या राहिल्या होत्या. बोगद्यातून पाइप बाहेर आला की तिथून पंपापर्यंत आणि पंपापासून दोन कार्बोरेटरांपर्यंत. जुन्या नळ्यांवर सुती कापडाची वीण होती, मळून तपकिरी झालेली. वस्तादने त्या काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगल्या होत्या, सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या तशाच एका जादा जोडाशेजारी. दुकानातून तशाच विणीच्या नव्या नळ्या मिळतील म्हणून बारक्याला पाठवलं होतं. मिळाल्या नव्हत्या, तेव्हा जुन्यांतल्याच बऱ्या निवडून बसव असं वस्ताद सांगून गेला होता. मिळाल्या त्या नुसत्या काळ्या, जाड, आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या. त्या त्याने गुपचूप आणून बाकाखाली ठेवल्या होत्या.

"ये लवकर," तो म्हणाला. "तुझे हात लागतील."

खिळ्यावरच्या नळ्यांपैकी निम्म्या त्याने काढल्या आणि त्यांची कापडी वीण सोलून घेतली. वीण पोकळ मोज्यासारखी झाली. ती नव्या नळीवर चढवायची होती.

"ओढू नकोस. ओढली की आवळते. मागून ढकल, म्हणजे फुगते."

ताई ढकलत गेली आणि बारक्या पुढून घेत गेला. काळी नळी हळूहळू त्या मळक्या कापडात शिरली.

"झाली," बारक्या म्हणाला. "आत तरणाबांड, वरून म्हातारा."

"आपल्याकडे बहुतेकांचं उलटंच असतं."

दोघंही हसली. मग तो टाकीकडे गेला आणि ती इंजिनापाशी राहिली. नळी बसवली की दुसऱ्या टोकाने फुंकून बघायचं, वडिलांनी शिकवलेलं. तिने नळीच्या पंपाकडच्या टोकाला ओठ लावून फुंकलं. मागून त्याचा आवाज आला, "आली! टाकीत बुडबुडे." तोंडात पेट्रोलची कडवट चव राहिली. ती थुंकली नाही, पदराने ओठ पुसले.

"बोगद्यात सायलेन्सरच्या बाजूने पत्रा ठोकलाय," तो परत येत म्हणाला. "वर जाड आवरण गुंडाळलंय. आरसा तिथवर पोचत नाही. आता निर्धास्त बस उद्या. आग लागायची नाही."

ताई क्लिप घट्ट करत होती. थांबली.

"बाबा काय म्हणायचे रे?"

"कशाबद्दल?"

"तापलेल्या लोखंडाबद्दल."

"गुंडाळू नका, लांब न्या." बारक्याने ते वडिलांच्याच आवाजात म्हटलं, नाकातून. "माहीत आहे गं. पण लांबून नेला तर दिसतो. बघितलंस ना पाठीवर काय मिळालं."

"मी पाइपाचं नाही म्हणत."

त्याने तिच्या तिरक्या मनगटाकडे बघितलं, मग नजर वळवली.

"गॅरेज बाबांचं आहे," तो म्हणाला. "तू गेलीस तर..."

"तू इथे कुणासाठी राहिलायस?"

"तुझ्यासाठी."

"आणि मी तुझ्यासाठी." तिने पाना खाली ठेवला. "म्हणजे दोघंही त्याच्यासाठीच राहिलोय."

बाहेर सासूबाईंच्या चपला वाजल्या. ताईने बॉनेट खाली घेतलं.

*

सकाळी वस्ताद पांढरा सदरा घालून आला. दाढी गुळगुळीत, केस चापून बसवलेले. तो खुशीत होता. गाणं गुणगुणत त्याने बॉनेट वर केलं, पत्र्यावरून हात फिरवला, एखाद्या घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. बारक्या बाकापाशी चिंधीने हात पुसत उभा होता. ताई रुमाल हातात घेऊन दाराशी.

वस्तादचा अंगठा नळीवर आला. दाबला. पुन्हा दाबला. गुणगुणणं थांबलं.

जुनं रबर कडक असतं. अंगठ्याखाली ते जागचं हलत नाही. हे हललं. बाकी कुणाला कळलं नसतं, त्याला कळलं. त्याने खिशातून चाकू काढला आणि कापडावर आडवी रेघ मारली. कापड उलगडलं, आतून काळं कुळकुळीत रबर आणि त्यावरची पांढरी छपाई.

"मला फसवलंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच दुःख होतं. "माझ्या गाडीला नकली अंगरखा घातलास?"

"भावोजी, जुन्या नळ्या टिकणार नाहीत. ताई बसणार आहे."

पहिला ठोसा पोटात बसला. दुसरा कानावर. बारक्या बाकावर कोसळला, बाकावरचे पाने खणखणत जमिनीवर पडले. वस्तादने त्याचा डावा हात धरून बाकाच्या कडेला बसवलेल्या वाइसच्या जबड्यात घातला. लोखंडी जबडा, ज्यात ते पाइप धरायचे. दुसऱ्या हाताने त्याने दांडा फिरवला.

"कुठली बोटं चढवत होती रे वीण? ही ना?"

"भावोजी! भावोजी, नको..."

दांडा फिरला. बारक्याचा आवाज माणसाचा राहिला नाही. ताई धावली. तिने दोन्ही हातांनी दांडा पकडला आणि उलटा फिरवायला बघितलं. डावं मनगट दगा देत होतं. वस्तादने तिच्याकडे न बघताच कोपर मागे मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं. ती खाली पडली, डोकं जॅकवर आपटलं. तोंडात रक्ताची गरम चव आली, कालच्या पेट्रोलच्या चवीवर.

"ताई! बोल ना काहीतरी! हाक मार कुणाला तरी!"

फाटक उघडं होतं. समोर शिंप्याचं दुकान, त्याच्या यंत्राचा आवाज इथे ऐकू येत होता. बारक्याचं ओरडणं गल्लीच्या सवयीचं होतं, पण सकाळी तिने एक हाक मारली असती तर तो आला असता. ताईने तोंड उघडलं. घशातून काहीही आलं नाही. इतक्या वर्षांच्या सकाळींनी गळा बांधून ठेवला होता.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "तिचं व्रत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तिला बोलायला लावू नकोस."

दांडा आणखी फिरला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, एकदा, आणि मग आणखी एकदा. बारक्याची मान मागे पडली. वस्तादने दांडा सोडला आणि हात पुसला.

"आता बसव नळ्या," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. "नाही, तुझा हात कामात आहे. मीच बसवतो."

त्याने खिळ्यावरच्या उरलेल्या जुन्या नळ्या काढल्या.

ताई उठली. तिने दांडा उलटा फिरवला, हळूहळू, दोन्ही हात आणि छाती लावून. जबडा उघडला. बारक्याची बोटं चपटी झाली होती, नखांखाली काळं रक्त साचलं होतं. तिने डोक्याला बांधायचा रुमाल, मिरवणुकीचा तो निळा रेशमी रुमाल, त्याच्या हाताभोवती गुंडाळला. तो दात चावून रडत होता.

वस्ताद बॉनेटखाली वाकून काम करत होता. त्याच्या हातांत अजून राग होता. त्याने तो ओळखला नाही, कारण रागाला तो कधी राग म्हणतच नसे. जुनं रबर कडक होतं, पाइपाच्या तोंडावर जाईना. त्याने जोर लावला. जुनी पितळी क्लिप चढवली, पेचकस घातला आणि आवळला. मग आणखी आवळला. ज्या जोराने वाइसचा दांडा फिरवला त्याच जोराने. ताईने दुरून बघितलं. क्लिप कापडात रुतली, कापडाखालच्या रबराला चावली. इतर कुठल्याही दिवशी वस्ताद एवढ्यावर थांबला असता, बोटाने चाचपून बघितलं असतं. आज थांबला नाही.

तो गाडीत बसला, किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं आणि पत्र्याच्या छपराखाली घुमलं. ते तापेस्तोवर त्याने थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. बॉनेट अजून वर होतं.

"बॉनेट लाव आणि बस," तो ओरडला. "उशीर झालाय. तोंड पूस आधी."

ताई गाडीच्या नाकाशी गेली. बॉनेटला हात घातला, आणि तिला ते दिसलं.

क्लिपच्या खाली एक थेंब फुगत होता. त्यात छपराच्या फटीतला उजेड चमकला. थेंब सुटला, खालच्या पत्र्यावर पडला, पत्र्याच्या कडेने ओघळला आणि तापायला लागलेल्या लोखंडाच्या अगदी वर येऊन थांबला. मागून दुसरा आला. मग थेंब थांबले आणि बारीक धार लागली.

वस्तादला हे दिसत नव्हतं. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये वर उचललेला लाल पत्रा होता.

फाटकाच्या खांबाची सावली अजून अंगणात लांब पडलेली होती. बोलायची वेळ झाली नव्हती. ती गप्प राहिली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. गल्लीने, सासूबाईंनी, स्वतः वस्तादनेसुद्धा. बाईचं व्रतच होतं. बॉनेट लावायचं आणि दोन पावलं मागे सरायचं, एवढंच.

मघाशी भावासाठी जो गळा उघडला नव्हता तो तिने आता या माणसासाठी उघडला. तिला त्याची लाजही वाटली. पण मघाशी तिची वाचा गेली होती. आता गप्प राहिली असती तर ते तिने केलेलं ठरलं असतं. तसलं मौन तिला देवापुढे नेता आलं नसतं.

"बंद करा," ती म्हणाली. आवाज घोगरा, फुटका आला. "इंजिन बंद करा. नळी गळतेय."

मग वस्तादने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आई, ऐकलंस का? मूर्ती बोलली! सकाळी!" तो हसत होता. "भावाची बोटं मोडली तेव्हा व्रत होतं. आता बसायची भीती वाटली तर मोडलं व्रत?"

"क्लिप चावलीय रबराला. तुम्ही जास्त आवळलीत. अहो, बंद करा, पाया पडते."

"माझ्या हाताखालचं काही गळत नाही."

आणि ते दाखवायला त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

रबर फाटलं. पेट्रोल फवाऱ्यासारखं उडालं आणि तापलेल्या लोखंडाला लागलं. आवाज फार मोठा झाला नाही, कुणी जाड चादर झटकावी तेवढाच. बॉनेटखालून पिवळी जीभ उठून छपराच्या पत्र्याला लागली. ताईच्या भुवया करपल्या, ती मागे पडली.

वस्ताद बाहेर उडी मारून आला. पळाला असता तर त्याला काही झालं नसतं. पण तो पळाला नाही, गाडीकडे गेला. उघड्या हातांनी त्याने जळती नळी धरली आणि ओढली. नळी निघून आली आणि उरलेलं पेट्रोल त्याच्या बाह्यांवर आलं. पांढरा सदरा पेटला.

"कॉक!" ताई ओरडली. "बारक्या, टाकीचा कॉक बंद कर!"

बारक्या मोडका हात छातीशी धरून गाडीच्या मागे सरपटत गेला. खांबापाशी वाळूच्या बादल्या होत्या, पाइपात भरायची तीच बारीक वाळू. ताईने एक बादली उचलली आणि इंजिनावर उपडी केली. दुसरी उचलली ती नवऱ्याच्या अंगावर. त्याची कॉलर मागून धरून त्याला जमिनीवर पाडलं, वरून गोणपाट टाकलं आणि त्यावर गुडघे रोवून बसली. डाव्या मनगटात कळ गेली. गोणपाटाखाली तो किंचाळत होता, लाथा झाडत होता. ती उठली नाही. धूर थांबेपर्यंत उठली नाही.

शिंपी पाण्याची बादली घेऊन धावत आला आणि दारातच थबकला. इंजिनावर वाळूचा ढीग होता, त्यातून काळा धूर निघत होता. लाल रंगाचे फोड आले होते.

"फोन करा," ताई त्याला म्हणाली. "रुग्णवाहिका बोलवा."

शिंपी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. सकाळी तिचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. मग भानावर येऊन दुकानाकडे पळाला.

तिने गोणपाट बाजूला केलं. वस्ताद उठून बसला. हातांची कातडी मनगटापासून बोटांपर्यंत सुटली होती, ओल्या कागदासारखी. त्याने आधी हातांकडे बघितलं नाही. गाडीकडे बघितलं.

"वाळू?" तो म्हणाला. "कार्बोरेटरात वाळू टाकलीस?"

त्याने हात उचलला. सवयीने उचलला, खांद्यामागे नेला. मूठ वळेना. तो त्या हाताकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. मग त्याला दुखायला लागलं आणि तो लहान मुलासारखा ओरडला.

सासूबाई त्याच्याजवळ बसून पदराने वारा घालत होत्या. "ये गं," त्या म्हणाल्या. "ये, बस त्याच्याजवळ. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तरी बस. बायको आहेस त्याची."

"बस इथे," वस्ताद रडत म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली. "आई, तुम्ही बसा. डोक्याखाली उशी द्या. हातांवर काही लावू नका, नुसतं पाणी ओता."

तिने पाण्याची बादली त्यांच्याजवळ सरकवली. मग भावाला काखेत धरून उठवलं.

गॅरेजची माल आणायची जुनी व्हॅन फाटकाबाहेर उभी होती. ती चालवायला वडिलांनी तिला शिकवलं होतं, लग्नानंतर वस्तादने चालवू दिली नव्हती. बारक्याला तिने शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. स्वतः वळसा घालून आली आणि चालकाच्या जागेवर बसली. किल्ली फिरवली. मग डावा हात गिअरवर ठेवला आणि तो दांडा तिच्याने हलेना. मनगट वळतच नव्हतं.

तिने पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं.

"थांब," बारक्या म्हणाला. त्याचा उजवा हात धड होता. तो त्याने गिअरच्या गोळ्यावर ठेवला. "तू क्लच दाब. मी टाकतो. सांग फक्त."

फाटकातून वस्तादचा आवाज येत होता. तिने मागे बघितलं नाही. दवाखान्याच्या बाजूला जाणारा रस्ता फाटकासमोरून होता, तिने तो सोडला आणि स्टिअरिंग लांबच्या गल्लीकडे वळवलं.

"हा रस्ता लांबचा आहे ताई. माझी बोटं..."

"माहीत आहे. त्याच्या फाटकावरून नाही जायचं. तुला फार दुखतंय का?"

"फार."

"मग जोरात ओरड. मी ऐकतेय." तिने क्लच दाबला. "पहिला."

त्याने दांडा सरकवला. व्हॅनने धक्का खाल्ला आणि निघाली.

"दुसरा," ती म्हणाली. शिंप्याचं दुकान मागे राहिलं. समोरच्या भिंतीवर अजून सकाळची तिरकी उन्हं होती. "आता थांब. हां, तिसरा."